डोंगराची माळ

आमच्या अंगणात बाज टाकून उताणं पडलं, की पायाशी सातपुडा दिसतो. परतवाड्याच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतो तिथंच आमचं शिवार आहे. लहानपणी होळी झाली की रात्री कधीतरी त्या काळ्या डोंगरावर एक लाल रेघ उमटायची. वाकडीतिकडी, मधेच तुटलेली, हळूहळू सरकणारी. आजी हाक मारायची, "या रे पोरहो, डोंगरानं माळ घातली." आम्ही सगळे बाहेर यायचो. ती माळ पाहत पाहत डोळा लागायचा. इतकी वर्षं मी ती पाहिली, माझ्या मुलांना दाखवली. तिला आग असं आमच्या घरात कोणी म्हटलं नाही.

माझा भाचा वनरक्षक आहे. दोन वर्षांपासून त्याचं बीट, म्हणजे राखणीचा भाग, मेळघाटात आहे. मागच्या चैत्रात तो घरी जेवायला आला होता. रात्री अंगणात बसलो होतो आणि माळ लागली. मी सवयीनं त्याला म्हटलं, "पाहा रे, लागली." तो ताटावरून उठलाच. हात न धुता फोन लावला, गाडी काढली, गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज पार बसला होता. म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा वरून पाहा. मग माळ म्हणा."

यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी वरून पाहिलं.

परवानगीचं फारसं सांगण्यासारखं नाही. परिक्षेत्र कार्यालयात अर्ज, आधार कार्डाची प्रत, एक हमीपत्र. एक दिवस आणि एक रात्र, भाचा सोबत असेल, काडेपेटी-विडी-तंबाखू जवळ नको. टॉवरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ती फिरायला जायची जागा नाही, तिथं एका माणसाचं काम चालतं.

पहाटे परतवाडा सोडलं. धारणीच्या रस्त्यानं घाट चढताना गारवा आला. घटांगच्या पुढे गाडी एका नाक्यावर ठेवली आणि पायी निघालो. सागाची पानं गळून गेली होती. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. भाच्यानं वाकून एक पान उचललं, मुठीत चुरलं आणि तो चुरा माझ्या हातावर ठेवला. पान ताटाएवढं, चुरा चिमूटभर. "आता हे पाहा," म्हणून त्यानं काठीनं पाचोळा बाजूला केला. खाली आणखी पाचोळा, त्याखाली मागच्या वर्षीचा. घोट्यापर्यंत पाय रुतत होता. फेब्रुवारी-मार्चात साग उघडा होतो, जमीन अशी भरते आणि त्यावर ऊन तापतं. म्हणून आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. त्याच्या आधी जाळरेषा तयार ठेवाव्या लागतात.

जाळरेषा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. जंगलातून गेलेला झाडलेला पट्टा, लग्नाघरच्या अंगणासारखा स्वच्छ. गवत कापायचं, वाळू द्यायचं, हंगामाआधी आपल्या ताब्यात ठेवून जाळून टाकायचं. मग येणाऱ्या आगीला त्या पट्ट्यात खायला काही उरत नाही. पण एका वाऱ्यानं त्यावर पुन्हा पानं येऊन पडतात, म्हणून मजूर रोज झाडतात. एक जण पाठीला ब्लोअर बांधून पानं उडवत चालला होता. त्याच्या मागून दुसरा साध्या खराट्यानं राहिलेलं काढत होता.

टॉवर टेकडीच्या माथ्यावर आहे. लोखंडी चार पाय, उभी शिडी, वर पत्र्याचं छप्पर आणि चार माणसं बसतील एवढी फळी. वर एक साठीचे कोरकू गृहस्थ होते. सगळे त्यांना काकाजी म्हणतात, मीही काकाजीच म्हटलं. हंगामभर आगीवर नजर ठेवायची रोजंदारी ते करतात, आणि हे करत त्यांना कितीतरी उन्हाळे झालेत. घरात कोरकू, आमच्याशी वऱ्हाडी आणि हिंदी मिसळून बोलणं. मी वर पोचलो तसं त्यांनी गडव्यातलं पाणी पुढं केलं आणि पुन्हा तोंड फिरवून बसले. बोलताना ते माणसाकडे पाहत नाहीत, डोंगराकडेच पाहतात. आधी मला ते विचित्र वाटलं.

काय दिसतं तिथून! उत्तरेला डोंगरामागे डोंगर, शेवटचे तर निळ्या धुरकट रेघा झालेले. घाट जिथं मिळतात तो मेळघाट, हे नाव तिथं उभं राहिल्यावर कळतं. १९७३-७४ साली देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात हा होता. त्या बाजूचं पाणी सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्यांनी तापीला जातं. दक्षिणेला डोंगर एकदम तुटतो आणि खाली पयनघाट, म्हणजे आमची सपाटी, पसरतो. संत्र्याच्या बगीच्यांचे हिरवे चौकोन, नांगरून ठेवलेली काळी वावरं, सापन धरणाचं चमकणारं पाणी, आणि परतवाडा-अचलपूरची घरं एकमेकांत मिसळलेली. या अंगाचं पाणी पूर्णेला जातं. दोन्हीकडचं पाणी शेवटी चांगदेवला, पूर्णा-तापीच्या संगमावर, एक होतं. दुरून गाविलगडाचं पठार ओळखू आलं. आमचं शिवारही दिसलं. आधी धरण शोधलं, त्यावरून नाला, नाल्यावरून आमच्या विहिरीजवळचं चिंचेचं झाड. माझं अख्खं आयुष्य त्या टिकलीएवढ्या जागेत गेलं.

अकराच्या सुमारास मी ओरडलोच, "काकाजी, आग!" समोरच्या उतारावर लालभडक काहीतरी पेटलं होतं. काकाजींनी शांतपणे माझा हात धरून बोट थोडं वर केलं. "तिच्यावर धूर हाय का? नाई. कुसुम हाय तो. चैतात त्याले असीच लाल पानं येते." चैत्रात कुसुमाची कोवळी पालवी लाल असते हे मला माहीत होतं, गावाजवळ एक झाड आहे. पण दोन कोसांवरून तो रंग जाळासारखाच दिसतो. मग त्यांनी मला पाहायला शिकवलं. दिवसभरात मी जे काही घेतलं, त्यात हे सगळ्यात मोलाचं.

आधी आग शोधायचीच नाही. दुपारच्या उन्हात जाळ दिसत नाही, धूरच दिसतो. डोंगराची कड डावीकडून उजवीकडे वाचायची, मग खालची कड उजवीकडून डावीकडे, वावरात औत धरल्यासारखं. रोजचं काय आहे ते पाठ करायचं. त्या खोऱ्यात सकाळी धुकं असतं, त्या वस्तीवर चुलीचा धूर असतो, त्या रस्त्यावर एसटी गेली की धूळ उठते. मग जे रोजचं नाही तेवढंच डोळ्यात खुपतं. आणि धूळ-धुराचा फरक त्यांनी एका वाक्यात सांगितला, "धूळ चालते, धूर उभा राह्यते." खरंच, वावटळ तपकिरी होती, नाचत पुढे सरकली आणि विरली. धुराचा बुंधा जागच्या जागी असतो, शेंडा वारा नेईल तिकडे जातो. पांढरा दाट असेल तर काहीतरी ओलं, हिरवं जळतंय. निळसर पातळ असेल तर नुसता पाचोळा, आणि तो पळतो.

फळीच्या मधोमध एक गोल पत्रा ठोकलेला होता. कडेनं अंशांच्या खुणा, मधे खिळा, खिळ्याला दोरा. धूर दिसला की दोरा त्याच्या दिशेनं ताणायचा, खूण वाचायची, वायरलेसवर सांगायची. दुसऱ्या डोंगरावरचा माणूस त्याच्या पत्र्यावरून त्याची खूण सांगतो. खाली कार्यालयात नकाशावर दोन रेघा मारल्या की त्या एकमेकींना कापतात, तिथं आग. दोऱ्याची जी जागा बोटांत राहते ती घामानं काळी पडली होती.

मी भाच्याला विचारलं, आता तर उपग्रहावरून कळतं म्हणतात. तो म्हणाला, "कळते न मामा. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून आमच्या मोबाईलवर मेसेज येते." व्हिअर्स नावाचं यंत्र लावलेले उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास डोक्यावरून जातात. जमिनीचा ३७५ मीटरचा एकेक चौकोन पाहतात आणि तापलेला चौकोन हेरतात. मोठ्या, आडवाटेच्या आगी त्यामुळे सापडतात, नंतर जळालेलं क्षेत्रही कळतं. पण दुपारी तीनला लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार. तोवर ती तीन नाले ओलांडून गेली असते. काकाजींना ती दहा मिनिटांत दिसते. भाचा म्हणाला, त्याला दोन्ही लागतात. यातलं एकही कमी करता येत नाही.

दुपारी ठेचा-भाकर खाताना मी विचारलं, या आगी लावतं कोण. माझ्या मनात उत्तर तयार होतं. आमच्याकडे सगळे तेच बोलतात, मोहावाले लावतात. काकाजींनी ते नाकारलं नाही. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून झाडाखालचं जाळतात, आणि ते विझवायचं राहून जातं. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही कोणी काडी लावतं. आता खालच्या वस्तीत मोहाखाली जुनी साडी, जाळी अंथरतात. त्यांच्या घरचेही तसंच करतात. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. "मोह आमचं पोट हाय, भाऊ," ते म्हणाले. "पोट कोन जाळते? पन चुकते मानूस." आणि मग दक्षिणेकडे, आमच्या सपाटीकडे हनुवटी केली. "आन् तिकडून बी येते." मी काही बोललो नाही. मला ते पटलं नव्हतं.

साडेचारला काकाजी उठून उभे राहिले. मला काहीच दिसत नव्हतं. ते पत्र्यापाशी गेले, दोरा ताणला, मग पुन्हा डोळ्यावर हात धरला. दक्षिणेच्या कड्याखाली, जिथं वावरं संपून झुडपं सुरू होतात, तिथून एक निळसर धागा निघत होता. बुंधा जागच्या जागी. शेंडा आमच्याकडे कललेला, कारण दुपारचा वारा खालून वर चढतो. वायरलेसवर त्यांनी खूण सांगितली. पलीकडच्या डोंगरावरून दुसरी आली.

मी त्या धाग्याच्या बुंध्याकडे पाहत होतो. धरण, नाला, चिंच. आमचं वावर नव्हतं, पण शिवार आमचंच. ती जागा मला माहीत आहे. एप्रिलमध्ये आम्ही सगळेच धुरे, म्हणजे वावराचे बांध, जाळतो. पेरणीआधी धुऱ्यावरचं वाळलेलं गवत, काटेरी झुडपं, तुरीची खुटं ओढून संध्याकाळी काडी लावायची आणि घरी जायचं. धुराच तो, जाऊन जाऊन कुठं जाणार. मीही तेच करत आलो. मागच्या वर्षी ज्या रात्री भाचा ताटावरून उठला, त्याच्या दोन दिवस आधी मी माझा डोंगराकडचा धुरा जाळला होता. ती आग माझी नव्हती, असं मी स्वतःला वर्षभर सांगत होतो. वर उभं राहून वाऱ्याची दिशा पाहिल्यावर ते सांगणं माझ्यानं झालं नाही.

मी गावात चुलतभावाला फोन लावला. पहिल्यांदा तर त्याला कळेचना, मी कुठून बोलतोय. मग म्हणाला, "अरे, तो धुरा हाय. विझते थो." मी म्हणालो, "दादा, तो नाल्यात उतरला. मी पाहू राह्यलो. चार पोरं घेऊन आत्ताच्या आत्ता जा." तो गेला.

पण नाला वाळलेला होता आणि गवतानं भरलेला. आग चढाला वेगानं पळते हे मी ऐकून होतो. का पळते ते पाहिलं. उतारावर जाळ वरच्या गवताकडे झुकतो, ते गवत पेटायच्या आधीच तापून बसलेलं असतं, नुसता स्पर्श पुरतो. धाग्याचा दोर झाला, दोराचा पडदा झाला. सूर्य मावळेपर्यंत लाल रेघ दिसू लागली. भाचा खाली निघून गेला होता. नाक्यावरून सात-आठ जण निघाले. मला काकाजींनी वरच थांबवलं. म्हणाले, "खाली उतरून तुमी काय करसान? इथं माह्यासोबत डोये लावा." धुरात खालच्या माणसाला आगीचं टोक दिसत नाही. ते वरून सांगावं लागतं. डावं टोक कुठं पोचलं, उजवं कुठं अडकलं, मागे कुठं पुन्हा पेटलं. माझ्याकडे उजवं टोक आलं. मी सांगायचो, काकाजी वायरलेसवर बोलायचे.

अंधार पडला आणि माझ्यासमोर आजीची माळ उभी राहिली. तीच. वाकडीतिकडी, मधेच तुटलेली, हळूहळू सरकणारी. फक्त आता ती माझ्या पायाखाली होती. आवाज येत होता, वाळलेल्या बांबूच्या पेरांत हवा कोंडून ते फुटत होते, फटाक्यासारखे. वास येत होता. कुठल्याशा पाखराचं ओरडणं पुढे पुढे येत होतं. ती माळ जिथं जिथं तुटत होती तिथं माणसं होती. हिरव्या डहाळ्यांनी झोडपत होती. विजेरीचा एक ठिपका जाळाजवळ जायचा, मागे यायचा, पुन्हा जायचा, आणि तेवढ्या जागेचा लाल मणी विझायचा. लहानपणी माळेतली ती भोकं पाहून आम्ही म्हणायचो, दोरा तुटला. तेव्हाही तिथं कोणीतरी उभं असणार, घसा कोरडा पडलेलं.

नवाच्या सुमारास वारा फिरला. रात्री गार हवा डोंगरावरून खाली उतरते, तशी ती उतरू लागली आणि आगीचा वेग मंदावला. खालच्यांनी याचीच वाट पाहिली होती. जाळरेषेवर ओळ धरून त्यांनी आपल्या बाजूनं गवत पेटवलं. उलटी आग. ती खाली सरकत गेली, मोठी आग वर येत होती. दोन्हींच्या मधली काळी पट्टी अरुंद होत होत एका क्षणी संपली. दोन्ही जाळ भेटले, एकदम उंच उठले आणि बसले. खायला काहीच उरलं नव्हतं. काकाजी इतका वेळ उभे होते ते खाली बसले. उजव्या टोकाला माझा चुलतभाऊ आणि गावची नऊ पोरं होती, हे मला नंतर कळलं. खालून ते, वरून हे.

रात्री मी झोपलो नाही. रातव्याचा टकटक आवाज, चांदण्यात कांडोळाची पांढरी खोडं, खाली अचलपूर-परतवाड्याचे दिवे. खालून कोणी वर पाहिलं असतं तर त्याला आज काळा डोंगरच दिसला असता. पहाटे भाच्याच्या मोबाईलवर संदेश वाजला, अक्षांश-रेखांशासह. आग सापडली म्हणून. तोवर ती राख झाली होती.

सकाळी त्याच वाटेनं उतरलो. जळालेल्या पट्ट्यात मोठे साग उभेच होते, बुंधे तेवढे काळे झालेले. लांबून पाहणारा म्हणेल, काही झालं नाही. भाच्यानं मला खाली बसायला लावलं. बोटभर उंचीची रोपं, साग, धावडा, आवळा, सगळी सुताच्या वातीसारखी करपलेली. एका दगडाच्या आडोशाला चार अंडी होती, तितराची असावीत. कवचं तडकलेली, आतलं शिजून घट्ट झालेलं. मी एक हातात घेतलं. अजून कोमट होतं.

आणि राखेखालची जमीन. काडीनं खरवडली तर वरचा थर पिठासारखा सुटला. पहिल्या पावसात हा थर नाल्यानं सरळ सापनकडे जाणार. पायथ्याचा आमचा पट्टा गोट्या-मातीचा आहे, बझाडा म्हणतात त्याला. डोंगरावरून सावकाश येणारं पाणी तिथं मुरतं आणि आमच्या विहिरींना लागतं. पाचोळा असला तर पाणी सावकाश येतं. राखेवरून ते धावत येतं आणि गाळ घेऊन पुढे निघून जातं. माझ्या साडेतीनशे संत्र्यांच्या विहिरीचा तळ मार्चमध्येच दिसू लागतो. डोंगराची माळ आणि विहिरीचा तळ ही दोन वेगळी दुखणी आहेत, असं मी आजवर समजत होतो.

गावात आलो त्याच संध्याकाळी चावडीवर बसलो. काय पाहिलं ते सांगितलं. माझा मागच्या वर्षीचा धुराही सांगितला. दोन-तीन जण उठून गेले. ज्यानं आदल्या दिवशी धुरा जाळला तो खाली मान घालून शेवटपर्यंत बसून होता. त्याला कोणी काही बोललं नाही. ठरलं एवढंच. डोंगराकडचे अठ्ठावीस धुरे यंदा विळ्यानं कापायचे, गवत ओढून वावराच्या मधे ढीग लावायचा, कुजू द्यायचा. ज्याला मजुरी झेपत नाही त्याचा धुरा आळीपाळीनं करायचा. माझ्या धुऱ्याला दोन बायांचे तीन रोज गेले. काडीनं तो अर्ध्या तासात व्हायचा. सहा जणांनी अजून कापला नाही, त्यांच्याकडे मी रोज जातो.

काकाजींचा नंबर माझ्याकडे आहे. टॉवरवर रेंज कधी असते कधी नसते. जेवणं झाली, बाज टाकली, की मी एकदा लावून पाहतो. लागला तर पलीकडून आधी वाऱ्याचा आवाज येतो, मग त्यांचा.

"तुमच्या अंगाले काई नाई भाऊ आज. झोपा."

मग मी झोपतो.